बाबांवरचा माहितीपट पहिल्यांदा आपल्याच गावात दाखवू द्यावा : ग्रामसभेस खुले पत्र

प्रति,
माननीय सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य आणि समस्त गावकरी मंडळी,

सादर नमस्कार.

जागतिक अल्झायमर दिनी, म्हणजे २१ सप्टेंबर रोजी, माझ्या वडिलांवर मी केलेला माहितीपट गावच्या समाजमंदिरात दाखवण्याची परवानगी द्यावी, असा अर्ज मी ग्रामपंचायतीकडे केला होता. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तो वाचला गेला, त्यावर हरकती आल्या आणि निर्णय मासिक सभेवर सोपवण्यात आला, असे मला ग्रामसेवकांकडून समजले. घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडू नये, ज्या माणसाला स्वतःचे भान नाही त्याचे चित्रीकरण करणे बरे नव्हे, आणि असल्या गोष्टींचा बोभाटा झाला की गावातल्या मुलींच्या सोयरिकी अडतात, असे हरकतींचे स्वरूप आहे. मुलगी बापाच्या आजारावर पैसा कमावते, असेही कोणी म्हणाले म्हणतात. त्याचे उत्तर एका वाक्यात देऊन मोकळी होते: चित्रफितींच्या संकलनाच्या कामावर माझे पोट आहे, हा माहितीपट मी त्या कमाईतून केला, आणि त्यातून अद्याप एक रुपयाही आलेला नाही. बाकीच्या हरकती मात्र विचार करण्याजोग्या आहेत, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

हरकत घेणाऱ्यांविषयी माझ्या मनात किल्मिष नाही. शेताच्या धुऱ्याधुऱ्याने भरकटलेल्या बाबांना हाताला धरून घरी आणून सोडणारी माणसे त्यांच्यातही आहेत, हे आईने मला नावानिशी सांगितले आहे. त्याच धुऱ्यावर बाबांना मुद्दाम उलटसुलट प्रश्न विचारून हसणारी पोरेही आपल्याच गावची आहेत. माहितीपटात दोन्ही गोष्टी आहेत. पोरांचे चेहरे मात्र मी दाखवलेले नाहीत.

आधी आजाराविषयी सांगते, कारण तो समजला नाही तर पुढचे सारे व्यर्थ आहे. बाबांना अल्झायमर आहे. यात मेंदूमध्ये अ‍ॅमिलॉइड आणि टाऊ नावाची प्रथिने चुकीच्या पद्धतीने साचत जातात आणि मेंदूच्या पेशी मरू लागतात. नव्या आठवणी धरून ठेवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग बहुधा आधी तडाख्यात सापडतो, म्हणून सकाळचे जेवण आठवत नाही आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नातली वरात आठवते. बाबांच्या बाबतीत ते विसरण्यापासून सुरूही झाले नाही, निदान आम्हाला तसे दिसले नाही. एकाच हंगामात त्यांनी कृषी केंद्रातून तेच तणनाशक दोनदा उधारीवर आणले. कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे कुठे ठेवले ते सापडेना, तेव्हा घरच्यासारख्या सालदारावर चोरीचा आळ घेतला आणि तो माणूस काम सोडून गेला. पैसे पुढे बियाण्याच्या कोठीत निघाले. आपल्याच हाताने ठेवलेली वस्तू सापडली नाही की ती कोणीतरी नेली असे वाटणे, हे या आजाराचे नेहमीचे लक्षण आहे. गावाला मात्र ते बुढ्याचा स्वभाव बिघडल्यासारखे दिसले. तो सालदार माहितीपटात स्वतः बोलला आहे, आणि बाबांना आजार होता हे कळल्यावर त्याला काय वाटले, ते त्याच्याच तोंडून ऐकावे असे आहे.

तालुक्याच्या ठिकाणी एका खासगी डॉक्टरांनी ‘आता वय झालं’ म्हणून शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि त्यात बराच काळ गेला. एका हितचिंतकाने ‘बाहेरचे’ काहीतरी असेल म्हणून भगताकडे नेण्याचा सल्ला दिला. आईने तो ऐकला नाही. पण ज्या मुलुखात म्हातारी बाई रात्री एकटी बडबडत फिरली तर तिच्यावर करणीचा संशय येऊ शकतो आणि त्यासाठी राज्याला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तिथे हा आजार माहीत नसणे किती महागात पडू शकते, याचा सभेने विचार करावा. पुढे सेवाग्रामच्या इस्पितळात नेल्यावर आधी रक्तातले बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासले, मेंदूचा एमआरआय काढला. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा विकार आणि नैराश्य यांमुळेही विस्मरण होते आणि ते उपचारांनी सुधारू शकते. म्हणजे घरातला म्हातारा विसरू लागला की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देण्यात, बरा होऊ शकणारा माणूसही हातचा जातो. अल्झायमर बरा करणारे औषध आज नाही. डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काही काळ थोडा आराम पडतो. अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब हे औषधही सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णांसाठीच आहे आणि तेही आजाराची गती थोडी मंदावते, इतकेच. मोबाइलवर फिरणाऱ्या चमत्कारी काढ्यांविषयी मी काही लिहीत नाही.

हे एका घराचे दुखणे आहे असे कोणास वाटत असेल तर एक आकडा सांगते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा की, भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. डिमेन्शियाचे सर्वांत मोठे कारण अल्झायमर आहे. हे प्रमाण शहरांत ५.३ टक्के आणि खेड्यांत ८.४ टक्के, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त निघाले. आपल्या गावात साठीपुढची दोनशे माणसे धरली तर या हिशेबाने पंधरा-सतरा घरांत हे चालू असले पाहिजे. ती घरे कोणती, हे मी विचारत नाही. परंतु माझा अर्ज वाचला गेल्यानंतर तीन घरांतून आईकडे सुना येऊन गेल्या, रात्री, मागच्या दाराने.

आता संमतीची हरकत, जी मला सर्वांत मोलाची वाटते. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या इस्पितळात आउगुस्ट डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली. अ‍ॅलोइस अल्झायमर या डॉक्टरांनी तिला तपासले, १९०६ मध्ये ती वारल्यावर तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्याच वर्षी हा आजार वैद्यकसभेपुढे मांडला. तिची हरवलेली फाइल १९९५ मध्ये सापडली. फाइलमधले तिचे छायाचित्र, मांडीवर हात आणि कपाळावर आठ्या, आज जगभरच्या पुस्तकांत छापलेले असते. हे छायाचित्र दिसले की मला नेहमी वाटते, या बाईला कोणी विचारले होते का? तेव्हा हरकत घेणाऱ्यांचा प्रश्न मला परका नाही. चित्रीकरण सुरू करण्याआधी तो मी स्वतःलाच घातला होता.

चित्रीकरण सुरू झाले तेव्हा बाबांना निदान सांगितलेले होते आणि ते समजत होते. मी त्यांना कॅमेरा दाखवला, कशासाठी हवा आहे ते सांगितले. ते म्हणाले, “काढ पोरी, पण मले येड्यावानी नोको दाखवू.” हे वाक्य माहितीपटात अगदी आरंभी आहे आणि पुढचे सगळे काम मी त्या वाक्याला बांधून केले. एकदा दिलेली संमती म्हणजे काही वावर मक्त्याने दिल्यासारखी नव्हे, की वर्षभर मालकाने पुन्हा विचारायचे नाही. म्हणून दर वेळी कॅमेरा आधी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बाजूला सारला किंवा तोंड फिरवले की त्या दिवसाचे काम बंद. आंघोळ, कपडे बिघडणे, रडणे, आईवर हात उगारणे यांतले काहीही चित्रित केलेले नाही, जरी असल्या माहितीपटांतून हीच दृश्ये लोकांना खिळवून ठेवतात असे मला या क्षेत्रातल्या जाणत्यांनी सांगितले होते. थरथरत्या हातांवर रेंगाळणारा कॅमेरा आणि त्यामागे उदास बासरी, हाही प्रकार मी टाळला आहे. अशा चित्रफिती मी पोटासाठी जुळवलेल्या आहेत आणि त्यांत माणूस जिवंतपणीच फोटोला हार घातल्यासारखा होऊन जातो. इस्पितळात कॅमेरा नेला नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांचे विकार येतात, आणि त्याच कायद्याचे कलम २४ सांगते की, मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देऊ नये. आमच्या घराला हे कलम लागत नसेल. पण त्यामागचा विचार घरालाही लागतो असे मी धरून चालले.

मग दाखवले तरी काय, असे विचाराल. ओलिताचे उदाहरण देते. बाबा मध्यरात्री उठून निघून जातात, हे गावाला ठाऊक आहे. कित्येक वर्षे शेतीपंपाला वीज रात्रीचीच मिळाली, आणि हरभऱ्याला पाणी द्यायला बाबा त्याच वेळी उठत आले. आजाराने दिवसरात्रीचे भान नेले, ती सवय मात्र राहिली. एका रात्री भाऊ आणि मी त्यांना न अडवता मागे चालत गेलो. पांदणीने ते सरळ विहिरीवर गेले, कुठेही अडखळले नाहीत. मोटार आम्ही केव्हाच काढून आणली आहे, स्टार्टरची पेटी तेवढी खांबाला आहे. त्यांनी पेटीचे झाकण उघडले, हिरवे बटण दाबले आणि पाइपाकडे कान देऊन उभे राहिले. पाणी आले नाही. मग झाकण लावून, वरची तार पूर्वीसारखी गुंडाळून ते म्हणाले, “लाइन गेली वाट्टे,” आणि आपणहून घराकडे वळले. या दृश्यात वेडेपणा कुठे आहे, हे मला कोणी दाखवून द्यावे. त्यात जर काही दिसत असेल, तर ते विहिरीला कठडा नसणे.

मागच्या पोळ्याचे चित्रीकरण तर आपण सर्व जण तोरणाखाली उभे असतानाच झाले. त्या दिवशी सकाळी बाबांनी मला माझ्या वारलेल्या आत्याच्या नावाने हाक मारली होती. घरच्या आरशातला म्हातारा परका वाटून ते त्याला हाकलत होते, म्हणून आईने आरशावर टॉवेल टाकला होता. दुपारी बैलांना साज चढवायची वेळ आली तेव्हा मात्र झुलीची एकेक गाठ त्यांनी बरोबर बांधली, भावाने सैल बांधलेली बैलाच्या डोक्यावरची मठाठी सोडून पुन्हा बांधली. आणि तोरणाखाली, समोरच्या बाजूने झडती, म्हणजे पोळ्यात म्हणायचे चढाओढीचे गाणे, आल्यावर, त्यांनी सोसायटीच्या कर्जावरची आपली जुनी झडती पहिल्या शब्दापासून शेवटच्या ‘हर बोला हर हर महादेव’पर्यंत म्हटली. हाताने करायच्या सवयीच्या गोष्टी आणि तालासुरात पाठ झालेले शब्द या आजारात पुष्कळदा उशिरापर्यंत टिकतात, असे डॉक्टर सांगतात. आपण सगळ्यांनी तेव्हा जो गलका केला तो ध्वनिमुद्रणात इतका मोठा आहे, की बाबांचा आवाज वेगळा काढायला मला बराच खटाटोप करावा लागला. शेवटी मी तो वेगळा काढलाच नाही.

सोयरिकीची भीती मी समजू शकते, कारण माझी भाची लग्नाची आहे आणि बोलणी एका घरून थांबलेली आहेत. अल्झायमर थेट वारसाने उतरण्याचा प्रकार आहे, पण तो एकूण रुग्णांत शंभरात एकाहूनही कमी, आणि त्यात आजार बहुधा साठीच्या आतच दिसू लागतो. बाबांचा सत्तरीनंतर उघड झाला. नेहमीच्या प्रकारात रक्ताच्या नात्यात आजार असेल तर धोका काहीसा वाढतो, हे खरे आहे आणि ते मी लपवत नाही. परंतु तसा धोका रक्तदाब, मधुमेह, ऐकू कमी येणे आणि उपचार न केलेला मोतीबिंदू यांनीही वाढतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये अशी १४ कारणे मोजली आणि ती आयुष्यभर आटोक्यात ठेवली तर जगातील सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल असे म्हटले. अल्पशिक्षण हेही त्यांतले एक आहे. ज्यांना नातवंडांची काळजी आहे त्यांनी मुलीचे शिक्षण दहावीला थांबवू नये आणि स्वतःचा रक्तदाब उपकेंद्रात जाऊन मोजून घ्यावा. माहितीपट झाकून ठेवल्याने यातले काहीच साधत नाही.

घरातली गोष्ट चव्हाट्यावर, या हरकतीविषयी मला आईच्या वतीने बोलायचे आहे. माहितीपट नावाला बाबांवरचा आहे. त्यातला अर्ध्याहून अधिक वेळ आई आहे. दिवस बुडायला लागला की बाबांची घालमेल सुरू होते. स्वतःच्या ओसरीत बसून “मले घरी जाचं हाये” म्हणतात, आणि त्यांना समजावण्यात, फिरवून आणण्यात, पुन्हा समजावण्यात तिची रात्र उजाडते. झोपताना ती लुगड्याचा पदर त्यांच्या मनगटाला बांधते, म्हणजे ते उठले की तिला जाग येते. महालक्ष्म्यांच्या जेवणाला ती कित्येक वर्षांत माहेरी गेलेली नाही. फवारणीची औषधे आम्ही घरातून हलवली. तरी कोठ्यात कुणी डबा विसरला का, हे ती रोज पाहते. ग्रामसभेतल्या हरकती मी तिला फोनवर वाचून दाखवल्या तेव्हा ती म्हणाली, “त्यात मी बी हाओ, मंग मले कोनं इचारलं?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही, ते ग्रामसभेने द्यावे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. निदान पुढच्या वेळी हा विषय आधी तिथे ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

शहरातल्या महोत्सवांत हा माहितीपट पाठवता येईल, आणि पुढे पाठवीनही. तिथले प्रेक्षक हळहळतील, टाळ्या वाजवतील आणि घरी जातील. त्यांच्यापैकी कोणी पांदणीवर बाबांना भेटणार नाही. भेटणार आहात आपण. त्यांना ‘मला ओळखलंत का?’ असे विचारून परीक्षा घेऊ नये, आपले नाव सांगून बोलायला सुरुवात करावी. घरी जायचे म्हणाले तर ‘हेच घर’ असा वाद घालू नये, थोडे सोबत चालून मग वळवून आणावे. कोणत्याही कागदावर त्यांचा अंगठा किंवा सही घेऊ नये. हे शेवटचे मी विशेष कारणाने लिहीत आहे. व्यवहार समजून त्याचा विचार करता येत नसेल तर तो माणूस करारास सक्षम ठरत नाही, असे १८७२ चा करार कायदा सांगतो, आणि आमच्या घरी मागच्या वर्षी एक कागद येऊन गेलेला आहे. ज्यांनी आणला त्यांना हे पत्र पोहोचेलच.

ग्रामपंचायतीकडे माझी मागणी समाजमंदिराच्या एका संध्याकाळीपुरती आहे, आणि ती मान्य न झाली तरी दुसरी एक मागणी राहीलच: पांदणीलगतच्या ज्या विहिरींना कठडे नाहीत त्यांची यादी करून त्यांना कठडे किंवा जाळ्या बसवण्याचे काम आराखड्यात घ्यावे. आमच्या विहिरीचा कठडा आम्ही स्वखर्चाने बांधायला काढला आहे. माहितीपटाच्या शेवटी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक दिला आहे. २०२२ पासून चालू असलेली मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी फोनसेवा मोफत आहे आणि मराठीतून बोलता येते. मागच्या दाराने येणाऱ्या सुनांना निदान तो क्रमांक पुढच्या दाराने मिळावा.

माहितीपट तासाभराचा आहे. पडदा, प्रोजेक्टर आणि वीज गेली तर जनरेटर, हे सारे माझ्याकडे लागले. गुरुदेव सेवा मंडळाची सायंप्रार्थना आटोपल्यावर साडेसातला सुरू केला तर जेवणाच्या वेळेला सर्व जण मोकळे होतील. ज्यांची हरकत आहे त्यांनी मासिक सभेच्या आधीच्या रविवारी आमच्या घरी येऊन तो आधी पाहावा. आपला चेहरा, आपले घर किंवा आपले बोलणे त्यात नको असे कोणास वाटले तर तेवढा भाग मी काढून टाकीन, कारण विचारणार नाही.

बाबा त्या दिवशी समाजमंदिरात येणार नाहीत; संध्याकाळची गर्दी त्यांना सोसत नाही. आईला मात्र यायचे आहे, आणि त्यासाठी साडेसात ते नऊ या वेळेत बाबांजवळ बसायला दोन माणसे हवीत, शक्यतो त्यांच्या झडत्यांच्या जोडीतली. ज्यांना जमेल त्यांनी आपली नावे ग्रामसेवकांकडे द्यावीत. बाबांना चहा कमी साखरेचा लागतो आणि ओसरीच्या दाराची वरची कडी लावून घ्यावी लागते, बाकी आई सांगेल.

आपली नम्र,
गावची एक लेक